अर्धा किलोमीटरही नाही, त्याला ट्राम? (मुरेनची घोडाट्राम)

रुळबावळा
मंडळी, रात्री झोप येत नव्हती म्हणून जुन्या रेल्वेचे फोटो बघत बसलो होतो (बायकोच्या भाषेत ‘परत ते लोखंड’) तर एका पोस्टकार्डावर अडकलो. स्वित्झर्लंडमधलं मुरेन. मागे बर्फाचे डोंगर, पुढे खेळण्यातली वाटावी अशी ट्राम आणि तिला जुंपलेला घोडा. शोधत गेलो तर कळलं की ही ट्राम १८९४ साली सुरू झाली, रेल्वे स्टेशनपासून गावातल्या मोठ्या हॉटेलापर्यंत. रुळांमधलं अंतर फक्त ५०० मिलिमीटर, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षाही कमी. आणि एकूण मार्ग किती? अर्धा किलोमीटरसुद्धा नाही!!

आता माझा प्रश्न. मुरेनला वर जायची रेल्वे १८९१ ची, आणि ग्रुचआल्प ते मुरेन हा तिचा वरचा सव्वाचार किलोमीटरचा टप्पा पहिल्या दिवसापासून विजेवर चालणारा. म्हणजे डोंगराच्या माथ्यावर वीज पोचलेली आहे, विजेची गाडी धावते आहे, आणि तिच्यातून उतरलेल्या माणसाला पुढच्या चारपाचशे मीटरला घोडा? आणि मुळात एवढ्याशा अंतराला ट्राम तरी कशाला, चालत पाच मिनिटं लागत असतील. मला तर हा निव्वळ हॉटेलवाल्याचा शौक वाटतो. तुमचं मत काय?

चिकटपट्टी
आमच्या सोसायटीत गेटपासून ‘डी’ विंगपर्यंत अशी एक पाहिजे. घोडा नको, सेक्रेटरीला जुंपू.

भटकी मांजर
मुरेनला जाऊन आले आहे त्यामुळे दोन शब्द. उच्चार म्यूरनच्या जवळपास आहे पण मी मुरेनच म्हणते, आमच्या ग्रुपमधले एक काका शेवटपर्यंत ‘मुरुंबा’ म्हणत होते. गाव साधारण १६४० मीटर उंचीवर, खाली लाऊटरब्रुनेनची दरी ८०० मीटरवर, मधे सरळ तुटलेला कडा. त्या कड्याच्या वरच्या फळीवर गाव ठेवल्यासारखं आहे आणि समोर आयगर, म्योंख, युंगफ्राऊ ही तिन्ही शिखरं. खाली बघितलं की पोटात गोळा येतो. आजही तिथे बाहेरच्या गाड्या जात नाहीत, रस्ताच नाही तसा. ट्रामचे रूळ वगैरे मला काही दिसले नाहीत, पण तेव्हा अशी काही ट्राम होती हेच माहीत नव्हतं, नाहीतर शोधले असते. परत जावं लागणार :)

इंजिनदादा
रुळबावळा, शौक नाही हो, साधा हिशोब आहे. १८९१ च्या आधी मुरेनला लोक कसे जायचे? खेचरावर बसून, नाहीतर चालत, नाहीतर पालखीसारख्या खुर्चीत बसून माणसांच्या खांद्यावरून. साडेआठशे मीटरचा चढ. मग रेल्वे झाली आणि एकदम गर्दी वाढली. पण त्या काळचे पाहुणे आपल्यासारखे पाठीवर सॅक टाकून दोन दिवसांसाठी येत नव्हते. बायका-मुलं, नोकर, अख्खा उन्हाळा मुक्काम, आणि बरोबर ट्रंका. लाकडी, पत्र्याने मढवलेल्या, आत संध्याकाळच्या जेवणाचे वेगळे कपडे, हॅटांचे वेगळे डबे. एका कुटुंबाच्या सहा-सात ट्रंका धरा. गाडीतून एकदम वीस कुटुंबं उतरली तर स्टेशनवर काय दृश्य असेल. तेव्हा ट्राम माणसांसाठी कमी आणि ट्रंकांसाठी जास्त होती असं माझं मत.

आता घोडाच का. सपाट रुळावर एक टन वजनाचा डबा ओढायला साधारण ५ ते १० किलोचा जोर लागतो. तेच वजन कच्च्या रस्त्यावर, खडी-चिखलातून ओढायचं तर ५० च्या पुढे जातो. एक बरा घोडा दिवसभर न थकता साधारण ५० किलोच्या जोराने ओढू शकतो. म्हणजे रूळ टाकले की एका घोड्यात पाच घोड्यांचं काम. एवढ्या छोट्या मार्गाला तारा, खांब, मोटर, ती चालवणारा शिकलेला माणूस हे सगळं कोण कशाला उभं करेल? घोडा गावातच होता. ट्राम नसेल तेव्हा तो दुसरं काही ओढेल. मोटर दुसरं काही ओढत नाही.

रुळबावळा
इंजिनदादा, हिशोब पटतोय पण चढाचं काय? डोंगरातलं गाव आहे.

इंजिनदादा
चांगला प्रश्न. दर शंभर मीटरला एक मीटर चढ म्हटलं की टनामागे आणखी १० किलो जोर वाढतो. चार टक्के चढ असेल तर ४० किलो, म्हणजे रुळाचा सगळा फायदा तिथेच संपला. घोडाट्राम सपाटीवरच परवडते. मांजरताई म्हणाल्या ना की गाव फळीवर ठेवल्यासारखं आहे, तीच मेख आहे. खालून वर यायचा खरा चढ रेल्वेने आधीच खाऊन टाकलेला. राहिला तो आडवा तुकडा.

आणि ५०० मिलिमीटरचं म्हणाल तर त्या काळात शेतावर, खाणीत, वीटभट्टीवर वापरायचे हलके रूळ तयार मिळायचे, शिडीसारखे तुकडे, चारसहा माणसांनी उचलायचे आणि जोडायचे. फ्रान्समधल्या देकोव्हील कंपनीचे तर ४००, ५००, ६०० अशा मापांत मिळायचे. आपल्याकडेही धरणांच्या कामांवर दगड-मातीचे डबे असेच पळायचे, जुन्या लोकांना विचारा.

गोदाकाठ
अहो स्वित्झर्लंड कशाला, आमच्या नाशकात होती की घोड्यांची ट्राम! नाशिक रोड स्टेशन ते मेन रोडवरची जुनी नगरपालिका, आठ-दहा किलोमीटर. दोन डबे आणि चार घोडे. मधे सगळं जंगल होतं म्हणतात, आज तिथे सिग्नलला पाच मिनिटं उभं राहावं लागतं. पुढे पेट्रोलवर चालली, आणि १९३१-३३ च्या सुमाराला बंद पडली, दुष्काळ आणि प्लेग यांनी कंपनी तोट्यात गेली. माझी पणजी सांगायची म्हणे की ट्रामपेक्षा टांगा बरा, टांगेवाला दारापर्यंत सोडतो. आम्ही नाशिककर, आम्हाला दारापर्यंतच लागतं.

अनुस्वार
नाशिकचा विषय निघालाच आहे तर मुंबईचाही निघू दे. ९ मे १८७४ ला मुंबईत घोड्याची ट्राम सुरू झाली, कुलाबा ते पायधुणी क्रॉफर्ड मार्केटवरून, आणि दुसरी बोरीबंदर ते पायधुणी काळबादेवीवरून. कुलाबा-पायधुणीला तीन आणे भाडं, आणि सुरुवातीला तिकीटच नव्हतं! कंपनीकडे ९०० घोडे होते. नऊशे घोड्यांची चंदी, नाल, तबेले, लीद, विचार करा. उन्हात घोड्यांना टोप्या घालायचे हेही वाचलेलं आहे. १९०७ ला विजेची ट्राम आली आणि ३१ मार्च १९६४ ला तीही गेली.

म्हणजे बघा, मुंबईने घोडे सोडले १९०७ च्या आसपास, नाशिकने तिशीत सोडली, आणि मुरेनची? रुळबावळा, बंद कधी झाली ते लिहिलंच नाहीत.

रुळबावळा
अरे हो राहिलंच. तीही तिशीच्या दशकातच. म्हणजे चाळीसेक वर्षं चालली.

सातारी कंदी
धाग्याचं काश्मीर होण्याआधी (म्हणजे विषय भरकटण्याआधी) एक विचारतो. त्या घोड्याचं काय? सगळे हिशोब ५० किलोचा जोर आणि पाच घोड्यांचं काम असे चाललेत. दिवसातून तेच चारशे मीटर, तेच तोंड, तीच झापडं, गाडी आली की ओढ. मला काही त्यात रोमँटिक दिसत नाही. पोस्टकार्डावर छान दिसतं एवढंच.

नेरळकर
कंदीसाहेब, घोड्यांचा विषय काढलात तर मला बोलावंच लागेल कारण आमचं निम्मं आयुष्य माथेरानच्या घोडेवाल्यांबरोबर गेलं. माथेरानला मोटार दस्तुरी नाक्याला थांबते, पुढे बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर एकतर चाला, नाहीतर घोडा, नाहीतर अमन लॉज स्टेशनहून शटल गाडी. आधी हातरिक्षा होत्या, आता ई-रिक्षाही आल्या. लहानपणी मी सुट्टीत तिथे मामाच्या दुकानावर बसायचो. एक घोडा होता, पांढरट, कपाळावर तांबडा ठिपका, त्याला पाहुणा पाठीवर बसल्याबरोबर कळायचं की हा नवखा आहे. मग तो मुद्दाम कड्याच्या बाजूने चालायचा. घोडेवाला बिचारा मागून ओरडतोय आणि पाहुण्याचा चेहरा पांढरा. संध्याकाळी लाल मातीत लोळायचा तेव्हा मूळ रंग कुठला ते कळायचं नाही.

सांगायचं काय, पाठीवर नव्वद किलोचा माणूस घेऊन उतरणीवर दगडांतून चालणं आणि सपाट रुळावर डबा ओढणं यातलं घोड्याला विचारलंत तर तो ट्राम मागेल. मला हे इंजिनदादांचं वाचल्यावर पहिल्यांदा सुचलं. आमच्याकडे १९०७ ला सर आदमजी पीरभॉय यांनी नेरळहून वीसेक किलोमीटर रूळ वळणावळणाने वर आणले, दोन फुटी गेज (रुळांमधलं अंतर), आणि मग गाडी आली तर स्टेशन थेट बाजारात. त्यामुळे मुरेनसारखा तो शेवटचा तुकडा उरलाच नाही. उरला तो नंतर, मोटारी दस्तुरीपर्यंत यायला लागल्यावर.

सातारी कंदी
नेरळकर, मान्य. म्हणजे घोड्याचे हाल झालेच नाहीत असं मान्य नाही, पण तुलना मान्य.

बेळगावी कुंदा
वाचतोय. तो ठिपकेवाला घोडा आमच्या वडिलांना भेटलेला दिसतोय, ते आजही घोड्यावर बसत नाहीत.

भटकी मांजर
+१ नेरळकर, माती अगदी डोळ्यापुढे आली.

बाय द वे मुरेनची रेल्वे म्हणजे आधी फ्युनिक्युलर (उतारावर दोरीने ओढली जाणारी गाडी) आणि मग सपाट गाडी. लाऊटरब्रुनेन ते ग्रुचआल्प हा खालचा तिरका टप्पा फ्युनिक्युलरचा, तिथे आता २००६ पासून रोपवे आहे. आम्ही रोपवेनेच गेलो. वर ग्रुचआल्पला उतरून छोट्या गाडीत बसायचं आणि ती कड्याच्या कडेकडेने मुरेनला नेते. डावीकडे बसा! उजवीकडे नुसती झाडं.

इंजिनदादा
मांजरताई, त्या जुन्या फ्युनिक्युलरची गंमत माहीत आहे का? ती सुरुवातीला पाण्यावर चालायची. एका दोरीच्या दोन टोकांना दोन डबे. वरच्या डब्याच्या पोटातली टाकी वर पाण्याने भरायची, तो जड झाला की खाली सरकतो आणि खालच्याला वर ओढतो. खाली पोचला की पाणी सोडून द्यायचं. रहाटाची दोन पोहरे समजा, एक जातंय एक येतंय. १९०२ ला ती विजेवर केली.

म्हणजे १८९४ सालचा पाहुणा मुरेनच्या हॉटेलात पोचेपर्यंत कशाकशाने यायचा बघा: इंटरलाकेनहून लाऊटरब्रुनेनपर्यंत वाफेचं इंजिन, तिथून पाण्याच्या वजनाने वर, मग विजेची गाडी, मग घोडा. रुळबावळांचा मूळ प्रश्न ‘वीज असताना घोडा का’ हा आपल्याला आज पडतो कारण आपण वाफ-वीज-घोडा असे इयत्ता लावल्यासारखे एकामागून एक शिकलो. त्या लोकांना जिथे जे परवडतं तिथे ते.

रुळबावळा
वाफ, पाणी, वीज, घोडा!! इंजिनदादा हे कसलं भारी आहे. एका दिवसात चार. हे मला सुचायला हवं होतं, बावळा नाव सार्थ.

पण तरी मी शौकाचा मुद्दा सोडत नाही. स्वित्झर्लंडमधल्याच झेरमाट गावाच्या वर रिफेलआल्प नावाचं असंच हॉटेल आहे, २२०० मीटरच्या वर. गोर्नरग्राट रेल्वे १८९८ ला झाली, आणि पुढच्याच वर्षी, १८९९ ला, स्टेशन ते हॉटेल ट्राम. लांबी ६७५ मीटर, गेज ८०० मिलिमीटर, आणि ती पहिल्यापासून विजेची. फक्त पाच वर्षांचा फरक. मुरेनवाल्यांना घोडा परवडतो आणि रिफेलआल्पवाल्यांना वीज परवडते? म्हणजे हिशोबापलीकडे काहीतरी आहेच ना. दाखवायचं होतं त्यांना.

इंजिनदादा
दाखवायचं असेलही. पण रिफेलआल्पला हॉटेल एकटं माळावर, आसपास गाव नाही, घोडा कोण सांभाळणार, त्याला चंदी कोण वर नेणार? गोर्नरग्राटच्या गाडीसाठी वीज तिथे आलेलीच होती. मुरेनला मात्र जनावरं, गवत, तबेले सगळं गावाचंच. तरी तुमचा मुद्दा अर्धा मान्य. श्रीमंत पाहुण्याला ‘आमच्याकडे उतरलात की पाय जमिनीला लागू देत नाही’ हे सांगायला मालकाला आवडत असणारच.

चिकटपट्टी
म्हणजे आत्ताचे रिसॉर्टवाले ‘कॉम्प्लिमेंटरी बग्गी’ म्हणतात तेच. आणि वेलकम ड्रिंक म्हणून कोकम सरबत.

अनुस्वार
रिफेलआल्पची ट्राम १९६० ला बंद पडली, १९६१ ला हॉटेलला आग लागली, आणि नवीन हॉटेल झाल्यावर २००१ ला परत सुरू केली, आता बॅटरीवर. म्हणजे जिने शौक केला ती जिवंत आहे आणि जिने हिशोब केला ती गेली. रुळबावळांना एक गुण.

गोदाकाठ
मग मुरेनची परत का नाही सुरू करत? घोडा आणि दोन डबे, पर्यटक वेडे होतील. आपले तर रांग लावतील, त्यात अर्धे रीलसाठी.

भटकी मांजर
गरज कोणाला आहे आता. मुरेनचं चित्रच पालटलं ना. ट्राम आली तेव्हा गाव फक्त उन्हाळ्याचं होतं. मग १९१० च्या सुमाराला इंग्रज हिवाळ्यातही यायला लागले, स्कीइंगसाठी. १९१२ ला गावातूनच वर आल्मेंडहुबेलला जाणारी फ्युनिक्युलर झाली. आर्नल्ड लन या स्कीवेड्या इंग्रजाने १९२२ ला इथेच आधुनिक स्लॅलमची (खुणेच्या काठ्यांमधून नागमोडी घसरत जायची) शर्यत लावली, १९२८ पासून इन्फर्नो नावाची शर्यत, ती अजून होते. आता खांद्यावर स्की घेतलेल्या माणसाला ट्राम कशाला पाहिजे? आणि बर्फात रूळ गाडले गेले की घोडा काय करणार, तिथे घसरगाडीच बरी. ट्रंकवाला पाहुणा गेला आणि ट्राम गेली, असं मला वाटतं.

मीठभाकर
नवीन आहे, पहिल्यांदाच लिहिते, चुकलं तर सांभाळून घ्या. पहिल्या महायुद्धात, १९१६ ला, जर्मनांच्या कैदेत असलेले जखमी-आजारी ब्रिटिश सैनिक स्वित्झर्लंडला आणून ठेवले होते, त्यातले बरेच मुरेनच्या रिकाम्या हॉटेलांत. माझे मिस्टर डॉक्टर आहेत, त्यांना युद्धातल्या वैद्यकीय गोष्टींचं वेड आहे म्हणून माहीत. हा धागा वाचल्यापासून डोक्यातून जात नाही की कुबड्या घेतलेली ती पोरं स्टेशनवर उतरली असतील तेव्हा समोर ही ट्राम दिसली असेल का. त्यांना ‘पाच मिनिटं तर चालायचंय’ असं कोणी म्हणालं नसेल.

नेरळकर
मीठभाकर ताई, लिहीत राहा. पहिल्याच प्रतिसादात गप्प केलंत सगळ्यांना.

चिकटपट्टी
खरंच. सेक्रेटरीला जुंपायचं रद्द.

बेळगावी कुंदा
मी वाचक माणूस, पण ताईंमुळे लिहितो. चार वर्षांपूर्वी आई-बाबांना घेऊन मुरेनला गेलो होतो. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालेलं. मी हॉटेल बुक करताना नकाशावर बघितलं, स्टेशनपासून ४५० मीटर, म्हटलं काय एवढं. एप्रिल महिना, अर्धा बर्फ अर्धा चिखल, त्यात बारीक खडी टाकलेली. बॅगेची चाकं दहा पावलांत भरली आणि फिरायची बंद झाली, मग मी ती नांगरासारखी ओढतोय. आईच्या हातात ठेपल्यांची पिशवी आणि ती कोणाला द्यायला तयार नाही. बाबा दर वीस पावलांवर थांबून ‘काय सुंदर डोंगर आहे’ म्हणतायत. आम्हाला वाटलं खूश आहेत. रात्री कळलं की गुडघा सुजलाय, थांबायला निमित्त म्हणून डोंगर बघत होते.

ते पाच मिनिटांचं अंतर आम्हाला पस्तीस मिनिटं लागलं. हॉटेलची छोटी विजेची गाडी सामान न्यायला येते हे हॉटेलात पोचल्यावर कळलं, फोन करायचा असतो म्हणे आधी.

तर रुळबावळा, तुम्ही विचारलंत ना ट्राम कशाला. माझ्या बाबांसाठी.

रुळबावळा
कुंदा, काय बोलू. शौकाचा मुद्दा मागे. (रिफेलआल्पचा ठेवतो, तेवढा एक गुण मिळालाय मला.)

सातारी कंदी
आणि ठेपल्यांचं काय झालं?

बेळगावी कुंदा
त्याच रात्री युंगफ्राऊसमोर, छुंद्याबरोबर. बाबांनी चार खाल्ले, गुडघ्यावर बर्फ ठेवून. बर्फाला तोटा नव्हता.

मीठभाकर
माझ्या सात वर्षांच्या लेकाला हा धागा गोष्टीसारखा वाचून दाखवला. त्याचा एकच प्रश्न आहे आणि मला उत्तर येत नाही. हॉटेलापाशी पोचल्यावर ट्राम वळायची कशी? रूळ तर संपले.

इंजिनदादा
त्याला सांगा घोडाट्रामची पद्धत अशी की ट्राम वळतच नाही. घोडा सोडायचा, चालवत दुसऱ्या टोकाला न्यायचा आणि तिकडून जुंपायचा. डब्याला पुढचं-मागचं नसतं. मुंबईतही तसंच करायचे.

मीठभाकर
सांगितलं. म्हणतो, म्हणजे फक्त घोडाच वळायचा.